भिंतीवरची पाटी आणि कपाटातला कागद

साहित्याच्या वार्षिकात वस्तुसंग्रहालयांची समीक्षा कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आमचे उत्तर असे की तालुक्याच्या गावातील संग्रहालयात काचेच्या पेटीखाली जी पाटी लावलेली असते, तीही मराठी गद्याचाच एक प्रकार आहे. या दोन-तीन ओळींच्या गद्याला लेखकाचे नाव नसते आणि त्याचे परीक्षण कुठे छापून येत नाही. पण शाळेच्या सहलीतून आलेला मुलगा ते वाचतो, आणि कादंबरीतले वाक्य लेखकाचे म्हणून वाचावे तसे वाचत नाही. ते खरेच आहे असे समजून घरी जातो. तो मुलगा मुलाणी, बागवान, मोमीन, अत्तार यांच्या घरातला असेल तर आपण या गावचे कोण, याचे उत्तरही तो त्याच पाटीवरून घेऊन जातो. म्हणून या पाट्या समीक्षकाने वाचल्या पाहिजेत. सातारा, नगर, धुळे, धाराशिव या भागांतील संग्रहालये आणि इतिहास मंडळे यांच्याकडे आम्ही या दृष्टीने पाहत आलो आहोत. त्यातून आमचे एक मत बनले आहे. या संस्थांनी कागद जिवापाड जपला. पाटी मात्र तो कागद न वाचता लिहिली.

आधी ऋण मान्य केले पाहिजे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे गावोगाव हिंडून दफ्तरे मिळवली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्याला वारले आणि त्यांच्यामागे तेथे त्यांच्याच नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजधानीपासून, विद्यापीठापासून दूर असलेल्या एका गावाने अशी संस्था चालवावी ही लहान गोष्ट नव्हे. सरकारी अनुदान नसताना वकील, शिक्षक, निवृत्त कारकून यांनी रुमाल बांधले, याद्या केल्या, वाळवीशी झुंज दिली. आज मुसलमानांच्या इतिहासाचे जे कागद महाराष्ट्रात शिल्लक आहेत, त्यांतले पुष्कळसे याच लोकांमुळे शिल्लक आहेत. हे न मानता केलेली टीका कृतघ्नपणाची ठरेल.

राजवाड्यांची मुस्लिम राजवटींविषयीची मते आपल्याला पटणारी नाहीत. ती लपलेलीही नाहीत. परंतु त्यांचे मत वेगळे आणि त्यांची पद्धत वेगळी. बखर काय सांगते यापेक्षा अस्सल पत्र काय सांगते ते आधी पाहा, हा त्यांचा आग्रह होता. या आग्रहापोटीच त्यांनी जुन्या मराठी पत्रांतले शब्द मोजले. १६२८ च्या पत्रात फारसी शब्द शेकडा ८५ च्या घरात आणि १७२८ च्या पत्रात शेकडा ६ च्या घरात, असा हिशेब त्यांनी मांडला. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष बाजूला ठेवला तरी मोजणी उरतेच, आणि मराठीचा कारभार कोणत्या भाषेच्या सहवासात वाढला हे ती सांगते. आमची मागणी राजवाड्यांच्या कसोटीबाहेरची नाही. त्यांचीच कसोटी भिंतीवरच्या पाटीला लावा, एवढेच आम्ही म्हणतो.

ती लावली की काय दिसते? आम्ही ज्या लहान संग्रहालयांतून फिरलो त्यांतील काही ठिकाणी तलवारीखाली ‘मुसलमानी तलवार’, नाण्यांच्या खणाखाली ‘मुसलमानी नाणी’, शिलालेखाखाली ‘यावनी लेख’ एवढेच शब्द आढळले. नावे घेण्याचे कारण नाही, कारण दोष कुणा एका संस्थेचा नाही. आता नाणे ही अशी वस्तू आहे की तिच्यावर बहुधा राजाचे नाव, टांकसाळीचे गाव आणि सनही असतो. वस्तू स्वतःच आपली ओळख सांगत असताना तिची ओळख धर्मावरून करून द्यायची, याला संशोधन म्हणता येणार नाही. शेजारच्या खणात ‘सातवाहन नाणी’ असतात, ‘यादवांचे पद्मटंक’ असतात. तेथे ‘हिंदू नाणी’ असे कुणी लिहीत नाही, आणि ते योग्यच आहे. मग १३४७ ला बहमनी राज्य सुरू झाले की पुढच्या निजामशाही, आदिलशाही, मोगल, आसफजाही या सर्व राजवटी एकाच विशेषणात का कोंबायच्या? त्या एकमेकींशी लढल्या, त्यांची भाषा, पंथ, कारभार निरनिराळा होता. निजामशाहीच्या संस्थापकाचे घराणे मूळ पाथरीच्या ब्राह्मणाचे, असे फिरिश्ता हा इतिहासकार लिहून गेला आहे. खानदेशाला तर फारुकींचे स्वतःचे राजघराणे होते. थाळनेरला त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत. एवढे सगळे ‘मुसलमानी अंमल’ या दोन शब्दांत बुडून जाते.

या घाऊक विशेषणाचा सर्वांत बोलका नमुना साताऱ्याला येऊन गेला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे तीन वर्षांसाठी उसनी मिळाली आणि १९ जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ती मांडण्यात आली. ही वाघनखे साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडची. हीच ती अफजलखानाच्या वेळची, याचा पडताळा करता आलेला नाही, असे त्या म्युझियमने स्वतःच नमूद केले आहे. परंतु आमचे लक्ष वेधले ते त्यांच्या जुन्या पेटीवरील मजकुराने. शिवाजी महाराजांनी यांनी ‘मोगल सेनापती’ला मारले, असे तेथे इंग्रजीत लिहिलेले आहे. अफजलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हे महाराष्ट्रातले शाळकरी पोरही सांगेल. पेटीवर मजकूर लिहिणाऱ्याला मुसलमान म्हणजे मोगल, एवढाच हिशेब पुरला. इंग्रजाची ही चूक आपण हसून सोडून देऊ. पण ‘मुसलमानी तलवार’ लिहिणारा आपला माणूस त्याच शाळेत शिकलेला आहे, हे विसरता येत नाही.

याच साताऱ्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८१८ पासून १८४८ पर्यंत विजापूर हे साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होते. तेथील आसार महालात आदिलशाही ग्रंथालयाचे अवशेष, शेकडो अरबी-फारसी हस्तलिखिते, पडून होती. सातारचे राज्य खालसा झाल्यावर १८५३ मध्ये ती लंडनला नेण्यात आली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एकाच मुलखातून दोन ऐवज लंडनला गेले, एक शस्त्र आणि एक ग्रंथसंग्रह. शस्त्र उसने आणण्यासाठी करार झाले, मिरवणुका निघाल्या, रांगा लागल्या. ग्रंथांची निदान छायाचित्रे तरी परत मागावीत, अशी मागणी आमच्या ऐकिवात नाही. आपल्या मुस्लिम संस्थांकडूनही नाही. वाघनखे पाहायला गेलेल्यांना आम्ही नावे ठेवत नाही. पण एखाद्या समाजाला आपल्या भूतकाळातले काय परत हवेसे वाटते, यावरून तो त्या भूतकाळाकडे कसा पाहतो हे कळते.

तलवारीशिवाय संग्रहालय होऊच शकत नाही असे नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहावे. एका हौशी माणसाने आपल्या गावात, शिवारात सापडलेल्या वस्तू गोळा केल्या, त्याचे हे फळ. मणी, मृण्मूर्ती, मडकी, शंखाच्या वस्तू, आणि रोमशी चाललेल्या व्यापाराची आठवण देणारी ती प्रसिद्ध हस्तिदंती बाहुली. दोन हजार वर्षांपूर्वीचा तेरचा माणूस येथे आपल्याला कारागीर, व्यापारी, आई, मूल या रूपांत भेटतो. साताऱ्याजवळच्या औंधला पंतप्रतिनिधी भवानराव यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले, त्यातही भर चित्रांवर आणि शिल्पांवर आहे. एका खेड्यातल्या माणसाला जगातली चित्रकला पाहता यावी, हा त्यामागचा हेतू. म्हणजे खेड्यातले संग्रहालय लढाईच्या पलीकडचे पाहू शकते, हे आपल्याच मातीत सिद्ध झालेले आहे.

प्रश्न असा की सातवाहनांचा माणूस मणी आणि बाहुल्यांतून भेटतो, तर मध्ययुगातला मुसलमान फक्त तलवारीतून का भेटावा? त्याची मडकी नव्हती काय? त्याचा माग, त्याची घाणी, त्याचे अत्तराचे फाये, त्याची रंगाची पिंपे कुठे गेली? या प्रश्नाचे उत्तर ज्या कपाटात आहे त्याच्यासमोरून आपण रोज जातो. मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हणून आपण जी पत्रे पूजतो, त्यांतली कितीतरी जुन्नरी आणि दौलताबादी कागदावर लिहिलेली आहेत. हा कागद तयार करणारे कागदी मुसलमान होते. दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवरचे कागजीपुरा हे गाव त्यांचे. जुन्नरला त्यांची वस्ती. पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा त्यांच्याच नावाचा. जुन्या चिंध्या आणि ताग कुजवून, कुटून, लगदा करून, हौदात साचा बुडवून, एकेक ताव उचलून, खळ लावून, घोटून त्यांनी जो कागद केला, त्यावर शिवकाल आणि पेशवाई टिकून राहिली. मजकुराचा लेखक कोण, हस्ताक्षर कोणाचे, शिक्का कोणाचा, याची चर्चा संशोधकांनी भरपूर केली. ज्याच्यावर हे सगळे उमटले तो कागद कोणाचा, ही ओळ आम्हाला एकाही पाटीवर सापडली नाही.

कागदावरच्या मजकुराकडे वळले तर चित्र आणखी बदलते. जुन्या मराठी पत्राचा सन पाहा. ‘सुहूर सन’ म्हणून जो लिहिलेला असतो तो अरबी आकड्यांत असतो. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७६. त्यात ५९९ वा ६०० मिळवले की १७७५-७६ हे इसवी सन येते. पेशव्यांच्या दफ्तरातला ब्राह्मण कारकून हा अरबी सन बिनचूक लिहीत होता आणि त्यात आपला धर्म बुडाला असे त्याला वाटत नव्हते. त्याआधी विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने वसुलाचा हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावला, असे फिरिश्ता सांगतो. दक्षिणेतील शाह्यांच्या काळातले वर फारसी आणि खाली मराठी असे दुभाषी कागद उपलब्ध आहेत. त्याहून जुना पुरावा अलिबागजवळ नागावच्या शिलालेखात आहे. शके १२८९ च्या, म्हणजे १३६७ च्या त्या मराठी लेखात हिजरी ७६९ आणि शक असे दोन्ही सन शेजारी शेजारी खोदलेले आहेत, आणि लेख हंबीरराव या राजाच्या राज्यातला आहे.

गावगाड्याचे कागद तर याहून जवळचे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात आणि त्याआधी ग्रँट डफच्या इतिहासातही मुलाण्याची नोंद गावच्या हक्कदारांत आहे. निकाह लावणे, मशिदीची देखभाल करणे, बकरे हलाल करणे ही त्याची कामे. त्याबद्दल त्याला खळ्यावर धान्य मिळे. भारत इतिहास संशोधक मंडळाने काढलेल्या ‘शिवचरित्र साहित्या’च्या खंडांत काझी, मुलाणी, दर्ग्यांचे मुजावर यांच्या वतन-इनामांची पत्रे छापलेली आहेत. गावच्या वादात मजहर होई तेव्हा पाटलाचा नांगर, काझीचा शिक्का आणि बलुतेदारांच्या निशाण्या एकाच कागदावर येत. हा आपला खरा इतिहास आहे. तो छापलेला आहे. फक्त पाटीपर्यंत पोहोचलेला नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना आपल्याच लोकांसाठी. या कागदांत केवळ गोडवा नाही. काझी आणि मुलाणी हक्कासाठी भांडताना दिसतात, भाऊबंद इनामासाठी एकमेकांवर फिर्यादी करतात. इनाम जप्त होते, परत मिळते, पुन्हा जप्त होते. देवळांचे नुकसान झाल्याचे उल्लेख आहेत, तसे ते मशिदींच्या बाबतीतही आहेत. ‘गंगाजमनी’ हा शब्द उच्चारून यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. शेजारी होते म्हणून भांडण होते. परक्याशी माणूस बांधाच्या हद्दीवरून भांडत नाही. आम्हाला संग्रहालयात प्रेमाची पाटी नको आहे. नेमकी पाटी हवी आहे.

आपल्या बाजूने आजवर झालेले उत्तर कसे होते, हेही तपासले पाहिजे. शिवरायांचे मुस्लिम सरदार ही आपल्या भाषणांतली आणि विशेषांकांतली ठरलेली यादी. सिद्दी इब्राहिम, दौलतखान, काझी हैदर ही नावे खरी आहेत आणि ती सांगायलाच हवीत. पण ती यादी वाचून दाखवताना आपण समोरच्याचीच चौकट पत्करतो. इतिहास म्हणजे लढाई, आणि आपले माणूसपण सिद्ध करायचे तर कुणाच्या तरी सैन्यात असल्याचा दाखला द्यायचा! कागदी कोणत्या राजाच्या बाजूने लढला, हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याने कागद केला. गावच्या इतिहासातली त्याची जागा त्याच्या कामाने ठरते, त्यासाठी त्याला शौर्यपदक नको.

घरातल्या दफ्तरांची गोष्ट याहून वाईट आहे. काझी घराण्यांतून, दर्ग्यांच्या मुजावरांकडे, जुन्या इनामदारांच्या माळ्यांवर अजून सनदा आहेत. काही संदुकीत बंद आहेत आणि कुणी वाचू शकत नसल्यामुळे तावीजासारख्या पूजल्या जातात. काही रद्दीत गेल्या. इतिहास मंडळाला द्याव्यात तर विश्वास नाही. स्वतः सांभाळाव्यात तर साधन नाही. २०२५ मध्ये वक्फ सुधारणा कायदा आला, मालमत्तांचा तपशील केंद्राच्या ‘उमीद’ पोर्टलवर सहा महिन्यांच्या मुदतीत भरा असे सांगण्यात आले, तेव्हा जुन्या कागदांची किंमत अनेकांना एकदम कळली. कागद हा केवळ अभिमानाचा विषय नाही, तो जमिनीचा आणि कबरस्तानाचाही विषय आहे. ज्या गावात संशोधन मंडळ आणि मशिदीचे विश्वस्त यांची एकमेकांशी ओळख आहे, तेथे असा शोध सोपा जातो. जेथे ओळख नाही, तेथे सनदेची नोंद शंभर पावलांवरच्या कपाटात असूनही माणूस वकिलाच्या दारात उभा राहतो.

आणि वाचणार कोण? मोडीचे वर्ग ठिकठिकाणी भरतात, तरुण मुले हौसेने शिकतात; हे आनंदाचे आहे. फारसीचे तसे नाही. असहकाराच्या चळवळीत शिक्षण सोडलेल्या ग. ह. खरे यांनी स्वतः फारसी शिकून ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ या मालेचे सहा खंड सिद्ध केले. त्यांतला पहिला १९३४ चा. हैदराबादच्या सेवेत असलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल दरबारची बातमीपत्रे मराठीत आणली. हे दोघेही मुसलमान नव्हते. आपल्या मुलांना कुराणशरीफ वाचण्यापुरती अरबी लिपी लहानपणीच येते, उर्दू शाळेत गेलेल्याला नस्तालीक येते. म्हणजे अर्धी वाट आपण चालून आलेलो असतो. उरलेली अर्धी चालणारे दहा तरुण मिळाले तरी एका जिल्ह्याचे काम होईल. हे काम दुसऱ्या कुणी करावे अशी अपेक्षा ठेवायची आणि न केल्याची तक्रार मात्र आपण करायची, हे फार दिवस चालणार नाही.

पाटी बदलता येते, याचाही दाखला याच परंपरेत आहे. एके काळी शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र सर्वत्र छापले जात होते, ते प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये डच साधनांतून महाराजांचे अस्सल चित्र पुढे आणले आणि जुने चित्र मागे पडले. ते चित्र घरोघरी पुजले गेले असेल, तरी पुराव्यापुढे ते हटले. मग ‘मुसलमानी नाणी’ ही पाटी हटवणे किती अवघड आहे? लोकांच्या तोंडची नावे पुसा, असेही आमचे म्हणणे नाही. नगरच्या डोंगरावरची अष्टकोनी इमारत सगळे ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून ओळखतात. ती खरे तर निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. लोकनाव राहू द्यावे, त्याखाली कबरीच्या धन्याचे नाव लिहावे. त्याच नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू बंदिवान होते, हे प्रत्येक वाटाड्या सांगतो. त्याच बंदिवासात मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहिली, हेही सांगितले तर नेहरूंचे काही कमी होत नाही.

आमच्या सूचना थोड्या आणि स्वस्त आहेत. प्रत्येक पाटीवर राजवट, व्यक्ती, गाव, सन आणि लिपी लिहावी. धर्माचे विशेषण वस्तूच धार्मिक असेल तेव्हाच वापरावे. फारसी कागद मांडताना त्याचे देवनागरी वाचन आणि मराठी अर्थ शेजारी लावावा. मंडळांनी काझी-मुजावर घराण्यांच्या कागदांचे नुसते छायाचित्र घ्यावे आणि मूळ कागद घरच्यांना परत करावा. अविश्वास अशानेच कमी होईल. आपल्या जमातींनी आणि शिक्षण संस्थांनी दरवर्षी एका तरी मुलामुलीच्या फारसी शिक्षणाचा खर्च उचलावा. मंडळांच्या सभासद यादीत आपली नावे असावीत. वर्गणी भरली तर ती कुणी नाकारल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आमच्या या वार्षिकानेही कथा-कवितांच्या बरोबरीने दरवर्षी एक तरी अप्रकाशित सनद वाचनासह छापावी.

आणि एखाद्या संग्रहालयाला आरंभ कुठून करावा असा प्रश्न पडलाच, तर त्याने जुन्नरी कागदाचा एक कोरा ताव मांडावा. त्याच्या शेजारी कागद्याचा साचा, घोटण्याचा दगड आणि खळीचे भांडे ठेवावे. खाली पाटी लिहावी: कारागिराची जात-जमात, गाव, कृती आणि या कागदावर लिहिली गेलेली दफ्तरे. मग बाकीची दफ्तरे त्याच्यापुढे मांडावीत.